एका रेडरची किंमत कोण ठरवतं? सॅलरी कॅप, कबड्डी आणि आपला कोल्हापूरचा गडी

ज्यांना बसमध्ये इयरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझं 'म्हणजे, म्हणजे' कमी केलंय.

गेल्या आठवड्यात कागलकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पोरगा कबड्डी खेळतो, बारावी झालाय. म्हणाला, "दादा, घरचे म्हणतात भरतीची तयारी कर. मी म्हणतो, सिद्धार्थ देसाईला दीड कोट मिळाले की! मग मला का नाही?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यायला लागते. सॅलरी कॅप.

आधी सिद्धार्थचं बघू. चंदगड तालुक्यातला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला गडी. २०१८ च्या लिलावात यू मुंबानं त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पहिल्याच हंगामात पठ्ठ्यानं दोनशेहून जास्त रेड पॉइंट काढले. पुढच्या वर्षी, २०१९ ला, तेलुगू टायटन्सनं १.४५ कोटी मोजले. एका वर्षात जवळपास चौपट. लय भारी, यात वादच नाही.

आता गंमत बघा. त्या वर्षी प्रत्येक संघाला अख्खी टीम बांधायला ४.४ कोटींचीच मर्यादा होती. तीच कॅप, ज्याला लिलावात 'पर्स' म्हणतात. म्हणजे एकट्या सिद्धार्थवर तिसरा हिस्सा संपला. राहिलेल्या पैशात बाकीचे सगळे. मालक कितीही गब्बर असू दे, पर्सच्या बाहेर एक रुपया खर्च करता येत नाही.

मग ही मर्यादा कशाला?

समजा, उद्या शाहू स्टेडियमवरच्या लीगमध्ये एका तालमीला कुणी मोठा शेठ मिळाला आणि त्यानं गावातले सगळे चांगले फॉरवर्ड एकाच टीममध्ये गोळा केले. पहिली मॅच बघायला गर्दी होईल. पाचव्या मॅचला? निकाल आधीच ठाऊक असेल तर तिकीट कोण काढणार! म्हणून कॅप. सगळ्यांना सारखं पाकीट, आता ज्याचं डोकं चालेल तो जिंकेल.

आणि डोकं कसं चालतं तेही बघा. २०२३ ला पर्स ५ कोटी झाली. तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला २.६०५ कोटींना घेतलं, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे एकाच माणसावर. त्या हंगामात टायटन्स २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि तळाला गेले. पुणेरी पलटणनंही शादलूवर २.३५ कोटी टाकले होते. पण त्यांच्याकडं अस्लम इनामदार, मोहित गोयतसारखी स्वतः घडवलेली तरुण पोरं होती. ट्रॉफी पुण्याला. फायनलमध्ये हरले कोण? हरियाणा स्टीलर्स, ज्यांनी त्या वर्षी सिद्धार्थला १ कोटीला घेतलं होतं.

मुद्दा कळला का? कॅप असली की स्वस्तातला चांगला तरुण खेळाडू सगळ्यात मौल्यवान होतो. संघासाठी. त्याच्या स्वतःच्या खिशासाठी नाही.

आता जरा अमेरिकेत जाऊ

तिकडच्या बेसबॉल लीगमध्ये अशी कडक कॅप नाहीच. एका आकड्याच्या वर खर्च केला की संघाला दंडासारखा कर भरावा लागतो, बस्स. २०२५ ला तो आकडा २४.१ कोटी डॉलर होता. म्हणून तर शोहेई ओहतानीचा १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार होऊ शकला.

मालकांना कॅप नको होती असं नाही. १९९४ ला त्यांनी कॅपचा आग्रह धरला, तेव्हा खेळाडूंची संघटना १२ ऑगस्टला संपावर गेली. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली! पण कॅप आली नाही. तिथंही पोरांना पहिली काही वर्षं कमी पैशात खेळावं लागतं, साधारण ६ वर्षं झाल्यावर हव्या त्या संघाशी बोलायची मोकळीक मिळते. पण किमान पगार संघटनेनं भांडून ठरवून घेतलाय: २०२५ ला वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर.

बास्केटबॉलमध्ये कॅप आहे, पण लीगच्या कमाईतला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, हे करारात लिहिलेलं आहे. कमाई वाढली की कॅप वाढते.

आपल्याकडं? कबड्डीत पर्स किती, हे आयोजक ठरवतात. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीनं टेबलावर बसून वाटा मागणारी संघटना नाही. माझ्या मते खरी गोम इथं आहे. कॅप वाईट नाही. ती ठरवताना खेळाडू खोलीबाहेर असतो, हे वाईट.

तर कागलच्या भावा, तुझं उत्तर

२०२३ च्या लिलावात सगळ्यात खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत ९ लाख होती. वाईट नाही, पण ती एका हंगामाची, आणि आधी कुणीतरी बोली लावायला पाहिजे. सिद्धार्थचाच आलेख बघ: १.४५ कोटी, २०२१ ला १.३० कोटी आणि लगेच त्या हंगामात दुखापत. पुढं २०२३ ला १ कोटी, २०२४ ला दिल्लीकडं २६ लाख. गडी तोच, चंदगडचाच. खांदा, गुडघा आणि बाजार, तिन्ही आपल्या हातात नसतात.

म्हणून घरच्यांशी भांडू नकोस. खेळाच्या कोट्यातून रेल्वे, पोलीस खात्यात नोकरी मिळवून खेळणारे कबड्डीपटू आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि महिन्याच्या पगाराला लिलाव नसतो. सकाळी मैदान, संध्याकाळी भरतीचं पुस्तक. दोन्ही धर. आणि उद्या खरंच बोली लागली, तर पहिल्याच दिवशी विचार: कराराची मुदत किती, दुखापत झाली तर पैसे मिळणार का?

तुमच्या गावात कुणी असं खेळतंय का? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, भेटू!