पत्त्यातला स्वल्पविराम

शिरगावातल्या एखाद्या दुकानाचा पत्ता कसा लिहितात? साईबाबा मंदिराजवळ, मु. पो. शिरगाव, ता. मावळ, जि. पुणे. त्यात तीन स्वल्पविराम आले. रक्कम लाख-हजारांत 1,25,000 अशी लिहिली की आणखी दोन. आता नाव, पत्ता आणि रक्कम असे तीनच रकाने असलेली, स्वल्पविरामांनी विभागलेली सीएसव्ही फाइल एक्सएमएलमध्ये बदलताना स्वल्पविराम दिसेल तिथे तोडली, तर एका नोंदीचे आठ तुकडे होतात. एक्सएमएल तयार होताना रकमेच्या जागी ‘मु. पो. शिरगाव’ येऊन बसतं.

‘स्वल्पविरामावर तोडलं की झालं’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. या फाइलींची रूढ रीत 2005 साली आरएफसी 4180 या दस्तऐवजात नोंदवली गेली. तिच्याप्रमाणे ज्या मजकुरात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ येते, तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा आणि आतलं अवतरणचिन्ह दोनदा लिहायचं. म्हणजे एक ओळ ही एक नोंद असेलच, असंही धरून चालता येत नाही. पत्ता दोन ओळींत असू शकतो.

याच्या उलट टोकाचा गैरसमज जाणकारांतही दिसतो: रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राला, हे काम जमणारच नाही. मूळ इशारा एक्सएमएल वाचण्याबद्दलचा आहे आणि तिथे तो योग्यच आहे. एक्सएमएलच्या खुणा (टॅग) एकीच्या पोटात दुसरी अशा कितीही खोल जातात. ती खोली मोजणं साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या आवाक्याबाहेरचं. आपण मात्र वाचतोय सीएसव्ही, आणि तिच्यात अवतरणचिन्हं एकमेकांच्या पोटात शिरत नाहीत. नोंदी आधी नीट वेगळ्या केल्या असतील, तर एका नोंदीतले रकाने शोधायला एवढं पुरतं:

(^|,)("(?:[^"]|"")*"|[^,"]*)

आधी नोंदीची सुरुवात किंवा स्वल्पविराम. मग अवतरणचिन्हांतला अख्खा मजकूर, नाहीतर पुढच्या स्वल्पविरामापर्यंतचा साधा मजकूर. नंतर बाहेरची चिन्हं काढायची आणि आतल्या जोडीचं एक करायचं.

मराठी मजकुरासाठी ‘अक्षर’ म्हणून मिळणारी तयार खूण, उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू, मी वापरत नाही. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ती काना-वेलांटीला अक्षर मानत नाही. ‘शिरगाव’चे ‘श’, ‘रग’, ‘व’ असे तुकडे होतात. जावास्क्रिप्टमध्ये तर तिला देवनागरी दिसतच नाही. काय हवं ते सांगण्यापेक्षा ‘स्वल्पविराम सोडून काहीही’ असं सांगणं म्हणूनच बरं.

तुकडे खुणांमध्ये भरले की एक्सएमएल तयार, हेही पुरतं खरं नाही. दुकानाच्या नावात ‘आणि’साठी & असेल, तर ते त्याच्या सांकेतिक रूपात लिहावं लागतं, तसंच < हे चिन्हसुद्धा. & आधी बदलायचं, नाहीतर नंतर घातलेल्या संकेतांतलं &ही पुन्हा बदलतं. खुणांची नावं मराठीत ठेवता येतात, पण ‘गावाचे नाव’ अशी मोकळी जागा चालत नाही.

मूळ फाइलीतच पत्त्याला अवतरणचिन्हं नसतील, तर पत्ता कुठे संपतो हे कोणतीही एक्स्प्रेशन खात्रीने सांगू शकत नाही. तेव्हा मूळ एक्सेल फाइल मागवावी आणि सीएसव्हीचा यूटीएफ-8 पर्याय निवडून पुन्हा सेव्ह करावी. स्वल्पविराम असलेल्या रकान्यांना एक्सेल स्वतःच अवतरणचिन्हं घालतं. साध्या सीएसव्हीत मात्र देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.