अंकीय दरी व उद्योगसंस्था

अंकीय दरी : संगणक, आंतरजाल व तत्संबंधित साधने ज्यांना उपलब्ध आहेत आणि ज्यांना नाहीत, अशा समाजगटांतील विषमता. ‘डिजिटल दरी’ हा शब्दप्रयोगही मराठीत रूढ आहे. ही संकल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रचारात आली; तेथील वाणिज्य खात्याच्या १९९५, १९९८ व १९९९ मधील अहवालांमुळे तिला व्यापक मान्यता मिळाली. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही दरी विशेष जाचक ठरते. गृहपाठ, प्रवेशअर्ज, शिष्यवृत्त्या यांचे व्यवहार आंतरजालावरून होऊ लागले, की घरी जोडणी नसलेला विद्यार्थी मागे पडतो आणि त्याचे कारण त्याच्या बुद्धीत वा परिश्रमात नसते. प्रस्तुत नोंदीत ही दरी कमी करण्यासाठी उद्योगसंस्थांनी केलेल्या प्रयत्नांचा विचार केला आहे.

या प्रयत्नांमागील प्रेरणा संमिश्र आढळतात. दातृत्व, कायद्याचे बंधन, नव्या ग्राहकवर्गाची अपेक्षा व शासनाची अनुकूलता मिळविण्याची गरज ही सर्व कारणे त्यांत एकवटलेली असतात. अमेरिकेतील कॉमकास्ट या कंपनीची ‘इंटरनेट इसेन्शियल्स’ ही योजना याचे ठळक उदाहरण होय. एनबीसी युनिव्हर्सल ही संस्था ताब्यात घेण्यास २०११ मध्ये शासकीय मंजुरी मिळविताना कॉमकास्टने ही योजना राबविण्याचे मान्य केले. शालेय भोजन कार्यक्रमास पात्र असलेल्या कुटुंबांना दरमहा ९·९५ डॉलरमध्ये जोडणी, सवलतीच्या किमतीत संगणक व विनामूल्य प्रशिक्षण असे तिचे स्वरूप होते. तथापि कंपनीची थकबाकी असलेली, तसेच मागील ९० दिवसांत तिची आंतरजालसेवा घेतलेली कुटुंबे आरंभी वगळण्यात आली. म्हणजे पोटाला चिमटा काढून मुलांसाठी पूर्ण दराची जोडणी घेणाऱ्या पालकाला सवलत नाही, असा विपरीत परिणाम झाला. योजनेची मूळ मुदत तीन वर्षांची होती. टाइम वॉर्नर केबल ही कंपनी विकत घेण्याचा कॉमकास्टचा प्रस्ताव विचाराधीन असताना, २०१४ मध्ये, ती बेमुदत करण्यात आली, हेही लक्षणीय आहे. असे असले, तरी पुढील काळात अटी शिथिल होऊन असंख्य कुटुंबांना या योजनेतून प्रथमच घरी जोडणी मिळाली, हे नाकारता येत नाही.

कोव्हिड साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा या प्रश्नाची तीव्रता सर्वांस जाणवली. कॅलिफोर्नियातील सॅलिनस येथे दोन मुली एका उपाहारगृहाच्या बाहेर जमिनीवर बसून तेथील बिनतारी जोडणीवर अभ्यास करीत असल्याचे छायाचित्र ऑगस्ट २०२० मध्ये सर्वत्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी टी-मोबाइल कंपनीने गरजू विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना पाच वर्षे, वर्षाला १०० गिगाबाइट विदा मोफत देण्याची योजना सुरू केली. हे प्रमाण दिवसाला सरासरी पाव गिगाबाइटहून थोडे अधिक पडते. लेखी गृहपाठाला ते पुरेसे आहे, रोजच्या दृक्‌श्राव्य तासिकांना नाही. शासनाने २०२१ च्या कायद्यान्वये दिलेले दरमहा ३० डॉलरपर्यंतचे अनुदान सु. २ कोटी ३० लाख कुटुंबे घेत होती. निधी संपल्याने जून २०२४ मध्ये ते बंद पडले.

भारतात प्रश्नाचे स्वरूप अधिक मूलभूत आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७–१८ मधील ७५ व्या फेरीनुसार ग्रामीण भागातील ४·४ टक्के, तर नागरी भागातील २३·४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. येथील सर्वांत गाजलेला प्रयोग एनआयआयटी या संगणकप्रशिक्षण कंपनीचा. सुगत मित्रा यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी येथील कंपनीच्या कार्यालयाच्या भिंतीत, पलीकडील झोपडवस्तीच्या बाजूस, एक संगणक बसविला. कोणी न शिकविताही मुले तो हाताळू लागली. यावरून मित्रा यांनी ‘न्यूनतम हस्तक्षेपी शिक्षणा’ची कल्पना मांडली. पुढे अशी केंद्रे इतरत्र उभारली गेली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही खेडीही त्यांत होती. मात्र मार्क वॉर्शावर यांनी दिल्लीतील केंद्रांविषयी लिहिताना जोडणी वारंवार बंद असणे, हिंदीतून साहित्य नसणे व मुलांचा बराच वेळ खेळांत आणि चित्रे काढण्यात जाणे या उणिवा दाखविल्या. अलमोडा व हवालबाग येथील केंद्रे टिकली नाहीत, असे पायल अरोरा यांनी २०१० मध्ये नोंदविले. मुलांची जिज्ञासा या प्रयोगाने सिद्ध केली. देखभाल व शिक्षक यांवाचून चालते, हे मात्र सिद्ध झाले नाही.

महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने वेगळा मार्ग अनुसरला. एमएस-सीआयटी हा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम मराठीतूनही उपलब्ध करून तो गावोगावच्या खाजगी केंद्रांतून, शुल्क आकारून चालविण्यात आला. केंद्रचालकाची उपजीविका त्यावर अवलंबून असल्याने यंत्रे चालू राहिली. अर्थात शुल्क न परवडणारा विद्यार्थी बाहेरच राहिला.

गूगलने रेल्वेच्या रेलटेल कंपनीच्या सहकार्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून मोफत बिनतारी जोडणी देण्यास प्रारंभ केला व २०१८ पर्यंत ४०० स्थानके जोडली. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेण्याचे जाहीर केले. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही निवडक संकेतस्थळेच मोफत दाखविणारी सेवा दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांमुळे भारतात बंद झाली. गरिबाला आंतरजालाचा कोणता भाग दिसावा हे कंपनीने ठरवू नये, हा विरोधकांचा आक्षेप रास्तच होता. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या प्रवेशानंतर स्पर्धेमुळे दर कोसळले. हे दातृत्व नव्हते. परंतु कोणत्याही दानापेक्षा त्याचा परिणाम मोठा झाला.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठराविक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. संगणककक्ष व टॅब्लेट यांना त्यांतून साहाय्य मिळते. तथापि कंपनीच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे कायद्यातच म्हटले असल्याने हा निधी उद्योगबहुल जिल्ह्यांकडे वळतो. गडचिरोली वा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांना, जेथे गरज अधिक, तेथे तो सहजी पोहोचत नाही. शिवाय वाटलेली यंत्रे अहवालात मोजता येतात. दुरुस्ती, वीजदेयक व शिक्षकांचे प्रशिक्षण मोजणे कठीण, म्हणून त्यांची तरतूद क्वचितच होते. ‘असर’ या २०२० मधील ग्रामीण पाहणीत ६१·८ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. मात्र पाहणीपूर्वीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेले विद्यार्थी सु. एक-तृतीयांशच होते.