निविदा, नागरी सेवावाहिन्यांच्या बांधकामांच्या

नगरपालिका वा महानगरपालिका पाणीपुरवठा, मलनिःसारण, पर्जन्यजलनिःसारण इ. सेवांची जी बांधकामे कंत्राटाने करवून घेतात, त्यांसाठी कंत्राटदाराने विहित नमुन्यात व मुदतीत सादर केलेला दरांचा लेखी देकार म्हणजे निविदा होय. कार्यपद्धतीच्या दृष्टीने इमारतीच्या निविदेशी तिचे पुष्कळ साम्य आहे. भेद आहे तो कामाच्या स्वरूपात. इमारतीची परिमाणे बव्हंशी नकाशावरून मोजता येतात. जलवाहिनी किंवा मलवाहिनी मात्र रस्त्याखालच्या चरात टाकली जाते आणि त्या चरात मुरूम लागेल की कठीण खडक, पाणी किती झिरपेल, जुन्या वाहिन्या व विजेच्या केबली कोठे आडव्या येतील, हे दर भरताना कोणालाच निश्चित ठाऊक नसते. या निविदांतील बहुतेक वाद या अनिश्चिततेतून उद्भवतात.

भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये निविदा हा प्रस्ताव ठरतो. निविदेची जाहिरात हे प्रस्ताव मांडण्याचे केवळ निमंत्रण असते. स्वीकृती कळविली जाण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो, म्हणूनच निविदेसोबत बयाणा रक्कम घेण्याची प्रथा आहे. माघार घेणाऱ्याची ती जप्त होते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ७२ नुसार ठरावीक रकमेहून अधिक खर्चाच्या कंत्राटासाठी किमान ७ दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देणे आयुक्तांवर बंधनकारक आहे. सर्वांत कमी दराचीच निविदा स्वीकारावी, असे मात्र हे कलम म्हणत नाही; सर्व परिस्थिती पाहता सर्वाधिक लाभदायक वाटेल ती स्वीकारावी, असा त्याचा आशय आहे. व्यवहारात अधिकारी न्यूनतम दराकडेच झुकतात, कारण लेखापरीक्षकास त्याचे समर्थन देणे सोपे जाते.

निविदांचे तीन प्रमुख प्रकार आहेत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते बी-१, बी-२ व सी या नमुन्यांनी ओळखले जातात. बी-१ मध्ये कंत्राटदार अंदाजपत्रकी रकमेहून किती टक्के कमी वा अधिक दराने काम करील एवढेच लिहितो. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरतो. सी मध्ये संपूर्ण कामाची ठोक रक्कम सांगतो.

बाबवार दरांच्या पद्धतीतील धोका एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. अंदाजपत्रकात मातीचे खोदकाम ३,००० घ.मी. व कठीण खडकाचे ५०० घ.मी. दाखविले आहे. पहिला कंत्राटदार अनुक्रमे ३०० व १,५०० रु. दर भरतो, त्याची रक्कम १६,५०,००० रु. होते. दुसरा त्या रस्त्यावर पूर्वी काम केलेला असतो व खडक जास्त निघणार हे ओळखून असतो. तो २०० व २,००० रु. दर भरतो, त्याची रक्कम १६,००,००० रु. होते व काम त्यास मिळते. प्रत्यक्षात माती २,००० व खडक १,५०० घ.मी. निघाल्यास दुसऱ्याचे देयक ३४,००,००० रु. होते, पहिल्याचे २८,५०,००० रु. झाले असते. कमी दराची म्हणून स्वीकारलेली निविदा अशा रीतीने साडेपाच लाखांनी महाग पडते. या युक्तीस पायबंद घालण्यासाठी निविदेतील परिमाणाहून ठरावीक मर्यादेपलीकडे, सामान्यतः २५ टक्क्यांपलीकडे, वाढलेल्या कामाचा दर दरसूचीवरून काढण्याची अट घालतात. टक्केवारी पद्धतीत सर्व दरांचे परस्परप्रमाण कायम राहत असल्याने ही युक्ती चालत नाही.

टक्केवारी पद्धतीतही एक संकट उरते. अनेक कंत्राटदार एकाच अज्ञात खर्चाचा अंदाज करतात, तेव्हा काम बहुधा ज्याने खर्च सर्वांत कमी धरला त्यासच, म्हणजे पुष्कळदा ज्याचा अंदाज सर्वांत चुकला त्यास, मिळते. यास ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून केपन, क्लॅप व कँपबेल या अमेरिकन अभियंत्यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली. तत्पूर्वी १९५६ मध्ये लॉरेन्स फ्रीडमन यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या पूर्वीच्या दरांवरून इष्टतम दर ठरविण्याचे गणिती प्रतिमान दिले होते. अनुभवी कंत्राटदार गणितापेक्षा पायांवर अधिक विसंबतो : वाहिनीच्या मार्गावरून चालत जातो, जवळच्या विहिरी व चालू खोदकामे पाहतो, राडारोडा कोठे टाकावयाचा व पावसाळ्यात रस्ताखोदाई किती महिने बंद राहील याची चौकशी करतो. अनामत रकमेत अडकलेला पैसा आणि मोजमापानंतर विलंबाने मिळणारी देयके यांवरील व्याजही त्याने दरात धरावे लागते. नवखे लोक नेमके हेच विसरतात.

परवडत नसलेल्या दराची भरपाई कामातून केली जाते. नळाखालचा वाळूचा थर पातळ होतो, भराव न धुमसता टाकला जातो आणि चराच्या बाजूंना द्यावयाचे फळ्यांचे व टेकूंचे आधार गाळले जातात. यांतील शेवटची काटकसर सर्वांत घातक होय. चर ढासळून मजूर गाडले जाण्याच्या दुर्घटनांमागे बहुधा हेच कारण असते. आधारांचा खर्च ‘खोदकामाच्या दरात समाविष्ट’ असे लिहिणाऱ्या निविदा-प्रपत्रांवरही या दोषाचा काही भाग जातो. ही बाब वेगळी मोजून तिचे पैसे दिल्यास ती गाळण्यात कंत्राटदाराचा लाभ राहत नाही. फार कमी दराच्या निविदाकाराकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतात. त्यामुळे नगरसंस्थेचा पैसा सुरक्षित राहतो, चरातील मजूर नव्हे.

जागा पाहिली असून तेथील परिस्थितीची आपणास पूर्ण कल्पना आहे, असे आपल्याकडील प्रपत्रांत कंत्राटदाराकडून लिहून घेतात. याउलट, आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्याच्या अनेक कामांत वापरल्या जाणाऱ्या फिडिक या अभियंता-महासंघाच्या अटींत, अनुभवी कंत्राटदारासही पूर्वकल्पना करता आली नसती अशा भूस्थितीचा खर्च व मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. पहिल्या पद्धतीत जोखीम कंत्राटदारावर पडते खरी, पण सावध निविदाकार तिची किंमत दरात मिळवितो व बेसावध ती कामातून वसूल करतो. निविदेपूर्वी मार्गावर चाचणी खड्डे घेऊन त्यांची नोंद सर्व निविदाकारांना दिल्यास होणारा खर्च या मानाने अल्प असतो.

निविदाकारांनी आपसांत काम वाटून घेणे व देखाव्यासाठी चढ्या दराच्या पूरक निविदा भरणे हा स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली स्पर्धाविरोधी व्यवहार मानला जातो. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा-प्रक्रिया संयंत्रांच्या निविदांत असे संगनमत झाल्याचा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये देऊन संबंधितांना दंड केले. ई-निविदा पद्धतीमुळे कार्यालयाच्या दारात प्रतिस्पर्ध्यास अडविण्याचे प्रकार संपुष्टात येऊ शकतात. संगनमत मात्र कार्यालयाबाहेर होत असल्याने त्यास या पद्धतीने आळा बसतोच असे नाही.