उकळत्या वाळूत कोळसा जाळला तर काय होतं?

मोहोळहून सोलापूरच्या पुढे गेलं की फताटेवाडीला एनटीपीसीचं वीजकेंद्र लागतं. तिथे कोळशाची पूड जाळतात. अशी ज्वाळा १३०० अंशांपुढे जाते आणि हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. त्यांनी दम्याचा त्रास वाढतो.

दुसरी पद्धत ‘फ्लुइडाइज्ड बेड’. खालून हवा सोडली की तापलेली वाळू खदखदते. तिच्यात कोळसा ८०० ते ९०० अंशांवरच जळतो, त्यामुळे हवेतला नायट्रोजन जवळपास तसाच राहतो. कोळशातल्या नायट्रोजनचे ऑक्साइड होतातच. पण हवा टप्प्याटप्प्याने दिली, तर धगधगता कोळसाच त्यातल्या बऱ्याच भागाचा पुन्हा साधा नायट्रोजन करतो.

मग मेख कुठे आहे? तापमान फार उतरलं तर नायट्रस ऑक्साइड वाढतो. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भारी! म्हणून आच बेताचीच हवी.