चुकलेल्या तारखांची माणसे

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश म्हणजे तामिळनाडूचे भाताचे कोठार. पण याच कोठारातून एकोणिसाव्या शतकापासून उपाशी माणसे बाहेर पडत होती, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. तंजावर, तिरुचिरापल्ली, मदुराई, सेलम भागातले भूमिहीन मजूर कंगाणी नावाच्या मुकादमाकडून उचल घेत आणि सिलोनच्या मळ्यांवर जात. उचलीची चिठ्ठी, म्हणजे 'तुंडू', मजुराबरोबर एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात फिरे. ऊसतोडणीच्या उचलीची आठवण व्हावी असाच हा प्रकार!

सिलोन स्वतंत्र झाले आणि १९४८ च्या कायद्याने या मजुरांना परके ठरवले. बापाचा जन्म इथलाच, असा पुरावा मळ्यातला मजूर कुठून आणणार? पुढच्या वर्षी अर्जाची सोय झाली, पण मुदत दोनच वर्षांची. पुढाऱ्यांनी आधी बहिष्कार घातला, मग शेवटी धावपळ झाली. ५ ऑगस्ट १९५१ रोजी खिडकी बंद झाली, आणि आलेल्या अर्जांपैकीही बहुतेक फेटाळले गेले.

मग दोन देशांनी माणसांची वाटणी केली. ३० ऑक्टोबर १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानुसार ५ लाख २५ हजार भारताने घ्यायचे, ३ लाख सिलोनने ठेवायचे. उरलेले दीड लाख १९७४ साली निम्मेनिम्मे वाटले. ज्यांच्याबद्दल हे ठरत होते, त्यांना कोणी विचारले नाही. कराराची मुदत ऑक्टोबर १९८१ मध्ये संपली आणि त्यानंतर भारताने नवे अर्ज घेतले नाहीत. ज्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले होते, त्यांतल्या कित्येकांची वाटही पुढे बंद झाली. युद्धामुळे १९८४ साली रामेश्वर-तलैमन्नार बोट थांबली.

१९८३ च्या दंगलींनंतर याच मळेवाल्यांपैकी अनेकजण जीव मुठीत धरून भारतात आले. आजोबांच्या मुलखात उतरले, पण नोंद झाली ती 'निर्वासित' म्हणून. आता योगायोग पाहा. २००३ साली श्रीलंकेने १९६४ पासून तिथे राहणाऱ्या भारतवंशीयांना नागरिकत्व दिले. त्याच वर्षी भारताने कायदा बदलून बेकायदा आलेल्यांचा नोंदणीचा मार्ग बंद केला. जे पळून आले, त्यांचे दोन्हीकडे हुकले. श्रीलंकेने २००९ मध्ये आपली चूक सुधारली खरी, पण तोवर छावण्यांत एक पिढी वाढली होती.

या पिढीच्या बाबतीतही तारीखच आडवी येते. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्याचे आईबाप कोण, हे पाहिले जाते. दोन भावंडांपैकी थोरले भारतीय आणि धाकटे परके, असेही घडू शकते. मंडपम छावणीत १९८६ साली जन्मलेल्या एका स्त्रीने पासपोर्टसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचे दार ठोठावले. २०२२ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिने मतदान केले. आपण सुट्टी म्हणून घालवतो तो दिवस!

त्याआधी, जून २०१९ मध्ये, याच खंडपीठाने तिरुचिरापल्लीच्या छावणीतल्या रहिवाशांसह ६५ जणांना अर्ज करू द्यावा आणि केंद्राने १६ आठवड्यांत निर्णय घ्यावा, असे सांगितले होते. यांना सरसकट घुसखोर म्हणता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केले. निर्णय मात्र केंद्राकडेच ठेवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आलेल्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात श्रीलंकेचे नाव नाही.

तामिळनाडूच्या शंभरावर छावण्यांत २०२१ साली सुमारे ५८ हजार माणसे होती. राज्य सरकारने त्या वर्षी 'निर्वासित छावणी' हे नाव बदलून 'पुनर्वसन छावणी' केले. २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक तारीख दिली: ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या आणि नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांवर पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दल खटला होणार नाही. नागरिकत्वाचा प्रश्न त्यात नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या नागपट्टिणम बंदरातून श्रीलंकेच्या कांकेसंतुराईला बोट सुरू झाली. तिकिटाबरोबर पासपोर्ट दाखवावा लागतो.