छपराखालची नदी

सहलीला जाण्यापेक्षा सहल ठरवणे अवघड, हे मी आजवर कॉलेजच्या सहलींवरून शिकले होते. परंतु चाळीस पोरांना गणपतीपुळ्याला नेऊन सुखरूप परत आणणे एक वेळ परवडले, घरच्या सहा माणसांना दोन रात्री एका हॉटेलात नेणे नको, असे म्हणण्याची पाळी माझ्यावर २०२३ च्या डिसेंबरात आली.

माझी धाकटी बहीण विजू शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावी असते. मी, माझा बारा वर्षांचा अमेय आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई, असे तिघे तिच्याकडे तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. ह्यांना रजा मिळाली नाही. चौथ्या दिवशी रात्रीची भांडी विसळता विसळता विजू म्हणाली, "ताई, आपण सगळे विस्कॉन्सिन डेल्सला जाणार आहोत. पाण्यात खेळायला."

मी खिडकीबाहेर पाहिले. अंगणात बर्फ होते. पाण्यात खेळायला जाणारी माणसे जगात कोठेही असोत, पण डिसेंबरात आणि तेही उत्तरेकडे गाडी हाकीत? विजू हसली. "अगं, पाणी घरात असतं तिथे!"

हे विस्कॉन्सिन डेल्स म्हणजे विस्कॉन्सिन नदीकाठचे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव. नदीने वालुकाश्म कापून केलेले उंच कडे पाहायला लोक दीडशे वर्षांपासून तेथे येतात. परंतु थंडी पडली की गाव ओस पडायचे. धंदा चार महिन्यांचा आणि व्याज बारा महिन्यांचे! तेव्हा १९९४ साली तेथल्या एका हॉटेलवाल्याने पाण्याचे खेळ छपराखाली आणले. ती युक्ती अशी लागू पडली की पुढच्या पाचसहा वर्षांत शेजारीपाजारी त्याहून मोठमोठी छपरे उभी राहिली, आणि तेथून ही तऱ्हा साऱ्या अमेरिकेत पसरली. बाहेर पाणी गोठलेले, आत ते सुमारे २९ अंशांवर कोमट राखलेले. महाकाव्यात जलक्रीडेचे वर्णन असावे, असे दंडीने सांगून ठेवले आहे. पण जलक्रीडेला भट्टी लागेल, हे काही त्या बिचाऱ्याला सुचले नसेल.

विजूने एक तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. त्यातून मला जे ज्ञान झाले ते वाचकांपैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. पहिले असे की, शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी खोली पुष्कळ स्वस्त पडते, आणि रांगाही लहान असतात. दुसरे, खोलीचे भाडे म्हणून जो आकडा दाखवतात तो शेवटचा आकडा नव्हे. त्यावर कर चढतो, आणि २०२३ साली हॉटेलची वेगळी फीही चढत असे. तिसरे, खोलीबरोबर पाण्यात जायचा परवाना मिळतो, म्हणजे मनगटावर एक कागदी पट्टा बांधतात. तो माणशी असतो. चौथे, खोलीचा ताबा दुपारी उशिरा मिळतो, पण पाण्यात बरेच आधी उतरू देतात. तेव्हा पोहण्याचे कपडे सामानाच्या तळाशी नव्हे, वेगळ्या पिशवीत हवेत. पाचवे, मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते. बहुतेक ठिकाणी ४८ इंच. विजूची इरा दाराच्या चौकटीला पाठ लावून रोज उभी राहायची आणि पेन्सिलीची खूण रोज ४७ वर यायची. एका इंचासाठी आठ वर्षांच्या त्या जिवाने किती दूध प्यायले, त्याचा हिशेब नाही.

जेवणाचा कारभार माझ्याकडे आला. खोलीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतात. म्हणून थालिपिठे, दहीभात, मेतकूट आणि भाजून ठेवलेला रवा, असा बेत ठरला. विजूचा नवरा सुधीर "तिथे पिझ्झा मिळतो" असे दोनदा म्हणाला; तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

तक्त्यात सगळे होते. एकच रकाना रिकामा होता. तो आईचा.

त्याचे कारण सांगायला हवे. आई मूळची भिलवडीची. कृष्णेच्या घाटावर पाठीला सुके भोपळे बांधून ती पोहायला शिकली. लग्न होऊन सांगलीला आली तीही नदीकाठच्या गावभागातच. नदी तिला माहेरच्या माणसासारखी. २००५ च्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी आले, तेव्हा तिने ते काढले, भिंती धुतल्या आणि आठवड्याने गौरी बसवायच्या तयारीला लागली.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. मी विश्रामबागेत राहते. "आई, इकडे ये," असे मी फोनवर म्हटले. ती म्हणाली, "येऊन येऊन गुडघाभर येईल. मी माडीवर जाते." मी पुन्हा म्हटले नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या माजघरात साडेपाच फूट चढले. दोन रात्री आई माडीवर अंधारात एकटी बसली होती. फोन बंद पडलेला. खाली पाण्यात भांडी एकमेकांवर आपटत होती, तेवढा आवाज. तिसऱ्या दिवशी होडीने तिला काढले. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. तिने माझ्याकडे पाहिले, पण बोलली नाही.

तेव्हापासून आई नदीवर गेली नाही. संक्रांतीलाही नाही. पावसाळ्यात घराची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती उशाशी घेऊन झोपते.

हे सगळे ठाऊक असून मी आणि विजूने काय ठरवले? तर आईला आत्ताच सांगायचे नाही. 'हॉटेलात जायचे आहे' एवढेच सांगायचे. शहाण्यासुरत्या दोघी मुली, एक एम. ए., दुसरी इंजिनियर. आणि तोड काय काढली, तर लहान मुलाला दवाखान्यात नेताना काढतात ती!

अर्थात ते टिकले नाही. इराने आजीला मोबाइलवर चित्रे दाखवली. आईने ती शांतपणे पाहिली, आणि आम्हा दोघींना म्हणाली, "मला फसवून पाण्यापाशी नेणार होतात?"

त्यावर काय बोलणार? विजू सहल रद्द करायला निघाली. रात्री मी आईजवळ जाऊन बसले. पुष्कळ वेळाने तिनेच विचारले, "खोली कितव्या मजल्यावर आहे?"

"पहिल्या," मी म्हटले. माझ्या मनात आले, बरे झाले, निदान तळमजला नाही. मग आठवले, की अमेरिकेत पहिला मजला म्हणजे आपला तळमजलाच! आईचे गुडघे दुखतात म्हणून विजूने मुद्दाम तो मागून घेतला होता. "तिसरा मिळत असेल तर मी येईन," आई म्हणाली. "पण पाण्यात नाही."

दुसऱ्या दिवशी विजूने फोन करून खोली बदलून घेतली. आईचा रकाना भरला: तिसरा मजला, लिफ्टजवळ.

साडेतीन तासांचा रस्ता. बाहेर उणे बारा अंश. आणि हॉटेलाचे दुसरे दार उघडताच अंगावर आली ती कोकणातल्या मे महिन्याची वाफ! सोबत औषधासारखा वास. पाण्यात क्लोरीन टाकतात, त्याची माणसांच्या घामाशी नि इतर गोष्टींशी गाठ पडली की क्लोरामीन नावाचे द्रव्य होते. वास त्याचा, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यामुळेच. म्हणून अंग धुऊन मगच पाण्यात उतरा, अशी पाटी असते. आमच्या घाटावर पाटी नसे, पण पाय धुतल्याशिवाय पाण्यात जायचे नाही, असे आजी सांगायची.

आई काठावरच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. मुले पाण्यात गेली. मध्यभागी उंचावर एक प्रचंड बादली होती; तिच्यात हळूहळू पाणी भरते आणि भरली की ती उलटी होते. हजार गॅलन, म्हणजे सुमारे ३,७८५ लिटर. ती उलटण्याआधी घंटा वाजते.

घंटा वाजली. मुले ओरडत बादलीखाली धावली. आणि आई खुर्चीतून उठली. तिने शेजारून पळणाऱ्या इराचा दंड असा धरला की पोर कळवळली. पाणी कोसळले. क्षणात जाळीतून खाली निघूनही गेले. आईचा हात मात्र सुटला नाही.

टॉवेल देणारी साठीची बाई ते पाहत होती. ती आली, आईच्या शेजारी बसली आणि बोलू लागली. विजू मराठीत सांगत होती. ती म्हणाली, इथे जवळच लेक डेल्टन नावाचे तळे आहे, १९२७ साली धरण बांधून केलेले. २००८ च्या जूनमध्ये पाऊस थांबेना. धरण टिकले, पण तळ्याने बाजूची जमीन फोडली आणि काही तासांत सगळे तळे नदीत रिकामे झाले. काठावरची काही घरे वाहून गेली. पुढच्या वर्षी तळे पुन्हा भरले.

आई ऐकत होती. तिने विजूला एकच विचारायला सांगितले: "ही पुन्हा पाण्याजवळ कशी आली?"

ती बाई म्हणाली, "पहिल्या वर्षी नाहीच आले. मग नातवंडं आली."

त्या रात्री खोलीत आम्ही दहीभात खाल्ला. मी आईला म्हटले, "त्या दिवशी मी तुला ओढून न्यायला हवं होतं." चार वर्षे हे वाक्य माझ्या घशात होते. आई ताट सारीत म्हणाली, "मी आले नसते. तुला माहीत आहे." मग थोड्या वेळाने, "पण एकदा येऊन जायला हवं होतंस." दोन्ही खरे होते.

सकाळी दार उघडताच आम्ही खाली गेलो. गर्दी नव्हती. सगळ्या सभामंडपाला वळसा घालून वाहणारा एक संथ कालवा आहे; त्याच्या कडेला उभी राहून आईने विचारले, "खोल किती?"

"तीन फूट," सुधीर म्हणाला.

"आमच्या माजघरात साडेपाच होतं," असे म्हणून आई पायऱ्या उतरली. विजूने गुपचूप घेऊन ठेवलेला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख तिच्या अंगात होता. तो तिने केव्हा घातला, ते आम्हाला कळले नाही. इराच्या अंगात जीवरक्षक जाकीट होते. आईने ते ओढून पाहिले आणि म्हणाली, "हा भोपळाच की! चल, मान वर. हात सोड. पाण्याला धरायचं नसतं."

कालव्याची ती फेरी दोघींनी सात वेळा केली.

आम्ही सांगलीला परत येऊन आता बरेच दिवस झाले. ऑगस्टात उशाशी पिशवी अजूनही असते. एवढ्याने ती जाणार नाही आणि जावीही असे नाही. फक्त गेल्या पावसाळ्यात विजूच्या घरून फोन आला, तेव्हा इराने विचारले, "आजी, आयर्विनला किती?"

"पंधरा फूट," आई म्हणाली. "आत्ताच बघून आले."

तुम्ही अशी सहल ठरवाल तेव्हा तक्ता जरूर करा. पण सगळ्यांत वयस्क माणसाचा रकाना आधी भरा, आणि तोही त्याला विचारून.