घरचं सुतारकाम : ट्रॉल्या कुठे थांबवायच्या?

सुतारकामाच्या बेंचला लावायच्या व्हाइसचा विषय आणखी एक आठवडा थांबेल. बेंचच्या साडेसात सेंटिमीटर जाडीच्या टॉपबद्दल आलेल्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे, तो आधी निकालात काढू. टॉपच्या लगेच खालपासून जमिनीपर्यंत सगळ्या ट्रॉल्याच का बसवू नयेत? जागा वाया जाणार नाही आणि बेंच जडही होईल. यातलं जडपणाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. जागेचं मात्र नाही, कारण तो हिशेब किचनच्या ओट्याचा आहे. ओट्याच्या फक्त वरच्या बाजूशी आपलं काम असतं, म्हणून खालचा इंचन् इंच भरून काढणं तिथे शहाणपणाचं ठरतं. बेंचच्या टॉपला खालची बाजूही असते, आणि ती रोज वापरात येते.

एक फळी टॉपच्या कडेला क्लॅम्पने पकडायची आहे असं समजा. क्लॅम्पचा वरचा जबडा फळीवर बसतो, खालचा टॉपच्या पोटाला टेकतो, आणि सी-क्लॅम्प असेल तर त्याचा स्क्रू फिरवायला खाली हात फिरेल एवढी जागा लागते. टॉपला चिकटून ड्रॉवर असेल तर क्लॅम्पला पुढे आलेल्या कडेपुरतीच पकड मिळते. होल्डफास्टचं तर याहून अडतं. वाकड्या मानेची ही लोखंडी कांब १९ मिलिमीटरच्या भोकात सैल उतरते, वरून हातोडीचा एक ठोका बसला की भोकात तिरकी होऊन आवळते आणि फळीला दाबून धरते. सोडवायची तर मागून एक टोला पुरतो. तिची दांडी वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब असते. काम पातळ फळीवर चाललं असेल तर साडेसात सेंटिमीटरचा टॉप पार करून दांडीचा मोठा भाग खाली लोंबतो, आणि तिथे ड्रॉवर असेल तर दांडी सरळ त्यातल्या सामानावर जाते. भोकात घट्ट बसलेली लाकडी खुंटी वर ढकलायलाही हात खालूनच घालावा लागतो.

याच भोकांतून भुसाही खाली पडतो. दिवसभर रंधा चालला की वरच्या ड्रॉवरमधल्या पटाश्या ढलप्यांच्या गादीवर झोपलेल्या दिसतात. लाकडाचा भुसा हवेतली ओल धरून ठेवतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैत अशा गादीवर पडलेल्या पटाशीच्या धारेचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

यावर अमेरिकेतल्या शेकर पंथीयांच्या बेंचचं उदाहरण दिलं जातं. त्यांच्या बेंचखाली ड्रॉवर आणि कपाटांची रांगच असते, आणि ते बेंच देखणे असतात यात वाद नाही. पण त्यांतले कित्येक दहा-बारा फुटांहून लांब आणि एकाच जागी कायमचे मांडलेले आहेत. एका भागात अडचण झाली तरी काम सरकवायला दुसरा भाग मोकळा असतो. आपल्या पाच फुटी बेंचवर ती चैन नाही. त्यापेक्षा अठराव्या शतकातल्या आंद्रे रूबो या फ्रेंच सुताराने आपल्या ग्रंथात छापलेला बेंच आपल्या जास्त उपयोगाचा आहे. जाडजूड टॉप, पुढचे पाय टॉपच्या कडेशी सपाट, तळाशी फळ्यांचा एक माळा आणि मधे बहुतेक सगळं मोकळं.

म्हणून मधला मार्ग असा, की टॉपखाली वीतभर पोकळी सोडायची आणि त्याखाली ट्रॉल्यांचा बॉक्स बसवायचा. बेंचची उंची ८५ सेंटिमीटर धरली, त्यातून टॉपचे साडेसात आणि पोकळीचे वीस वजा केले, शिवाय पायाचा चवडा आत जावा आणि झाडू फिरावा म्हणून जमिनीलगत बारा सोडले, तर साडेपंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा बॉक्स मिळतो. तीन चांगले ड्रॉवर त्यात आरामात होतात. बॉक्सला पाठीमागे चार मिलिमीटरचं प्लाय ठोकून मोकळं होऊ नका. किमान बारा मिलिमीटरचं लावा आणि बॉक्स चारही पायांना बोल्टने आवळा. रंधा मारताना बेंच लांबीच्या दिशेने झुलतो तो पायांच्या सांध्यांतून. कितीही मजबूत चौकट तिरकी होऊ शकते, पण पाठीला घट्ट बसवलेलं सलग प्लाय असेल तर नाही. बॉक्सचा खरा फायदा हाच, साठवण त्यानंतर. वजनाचा उपयोग बेंच घसरू न देण्यासाठी होतो, पण व्हिट्रिफाइड टाइलवर नुसत्या वजनाचा भरवसा धरू नका, पायांखाली रबर हवंच. हँडल पायांच्या पुढच्या रेषेच्या आत राहू द्या, नाहीतर पायांना टेकवून उभी धरलेली लांब फळी त्यांवरच अडेल.

लहान फ्लॅटमध्ये ही वीत परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. या बॉक्समध्ये जायला हवं ते जड आणि क्वचित लागणारं सामान : सर्क्युलर सॉ, स्क्रूचे डबे, पॉलिश पेपर. पटाशी, गुण्या, खतावणीची पेन्सिल यांची जागा मागच्या भिंतीवर, हात वर केला की सापडतील अशी. फळी समोर क्लॅम्प केलेली असताना ड्रॉवर उघडतच नाही, आणि पटाशी नेमकी तेव्हाच हवी असते. पोकळीत अडगळ साठते, हेही खरं. पण होल्डफास्टचा पहिला ठोका बसला की ती अडगळ आपोआप खाली येते. ट्रॉल्या आत्ताच करायच्या की नाहीत, याची घाई नको. पायांमधल्या खालच्या आडव्या पट्ट्या मात्र बॉक्सच्या मापाने आत्ताच बसवा. दोन-चार महिने काम केल्यावर कुठल्या ड्रॉवरची खोली किती हवी ते कळेल, आणि प्लाय तेव्हाच आणलेलं बरं.